विश्वासही ठेवा, शाळेतही पाठवा

वाचकाचं पत्र, थोडक्यात

आम्ही मूळचे बार्शीचे. यजमानांना चाकणच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून जूनमध्ये पिंपरी-चिंचवडला राहायला आलो. मुलगी तेरा वर्षांची, आठवीत आहे. बार्शीला मराठी माध्यमात होती, वर्गाची मॉनिटर, पहिल्या पाचात नंबर. इथली शाळा सेमी इंग्रजी, सकाळची. पहिलं सत्र कुरकुर न करता गेलं. दिवाळीत आठ दिवस बार्शीला राहून आलो आणि तेव्हापासून सकाळी सहा वाजले की तिच्या पोटात दुखतं. कधी मळमळ, कधी रडारड. आठवड्यातले तीन दिवस तरी घरीच राहते. रक्त, लघवी, सोनोग्राफी सगळं केलं, रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, टेन्शन आहे. घरी राहिली की अकरा वाजेपर्यंत ठणठणीत होते. रांगोळीची डिझाइन्स काढत बसते, बार्शीच्या मैत्रिणीशी तासभर फोनवर बोलते. रविवारी संध्याकाळी पुन्हा गप्प. यजमान म्हणतात नाटकं आहेत, दोन फटके दिले की पोट थांबेल. सासूबाई दृष्ट काढतात. शाळेतून हजेरीबद्दल मेसेज आला आहे. सप्टेंबरमध्ये एकदा ती म्हणाली होती की तिच्या बोलण्याला वर्गात हसतात. मी म्हटलं लक्ष देऊ नकोस. पुढे तो विषय निघाला नाही. मी तिच्यावर विश्वास ठेवून तिला घरी राहू देऊ, की खोटं समजून ओढत नेऊ? माझी मुलगी मनाने कमकुवत आहे का? तिला खंबीर कसं करायचं?

उत्तर

ताई,

तुमचा शेवटून तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. विश्वास ठेवून घरी, की खोटं समजून शाळेत? या प्रश्नात एक गाठ आधीच बसलेली आहे. दुखणं खरं असेल तर घरी राहायचं, शाळेत पाठवायचं तर दुखणं खोटं ठरवायचं. तुमच्या घरात रोज सकाळी जे वाद होतात तेही याच गाठीवरून होत असणार. तुम्हाला तिचं दुखणं दिसतं म्हणून तुम्ही घरी ठेवता, तिच्या बाबांना शाळा बुडताना दिसते म्हणून ते दुखणं नाकारतात. माझ्या मते तुम्ही दोघंही अर्धं बरोबर आहात. तिचं दुखणं खरं आहे, आणि तिनं शाळेत जायलाच हवं.

आधी दुखण्याचं बघू. 'रिपोर्ट नॉर्मल' याचा अर्थ आपल्याकडे लगेच 'काही झालेलं नाही' असा लावला जातो. त्याचा अर्थ इतकाच असतो की ज्या आजारांसाठी तपासलं ते आजार नाहीत. १९५८ साली जॉन अ‍ॅपली या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांनी ब्रिस्टल भागातल्या हजार शाळकरी मुलांची पाहणी केली. साधारण दहातल्या एकाला असं पुन्हा पुन्हा उठणारं पोटदुखीचं दुखणं होतं, आणि बहुतेकांच्या पोटात शोधून काही सापडलं नाही. घरात चोर नसताना कुत्रा भुंकला, तर चोर नव्हता एवढंच सिद्ध होतं. कुत्रा भुंकलाच नाही असं कुणी म्हणत नाही.

धास्ती वाटली की शरीर पळायच्या तयारीला लागतं. पोटाकडचं रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, जठराचं काम मंदावतं, मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. परीक्षेच्या सकाळी चांगल्या घट्ट माणसालाही दोनदा संडासला जावं लागतं ते यामुळेच. त्यात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक जाग आल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात सगळ्यांच्याच शरीरात चढतं. आधीच घाबरलेल्या मुलीला ही वेळ सगळ्यात जड जाते. अकरा वाजता ती ठणठणीत असते याचा तिच्या बाबांनी 'पकडली चोरी' असा अर्थ घेतला असेल. मला त्यात चोरी दिसत नाही. शाळेची वेळ टळली, धोका टळला, पोट शांत झालं. दुखणं कशाशी बांधलेलं आहे, हे तिचं पोट घड्याळ लावून सांगतंय.

तरीही काही गोष्टींची खात्री करून घ्या. दुखण्याने ती रात्री झोपेतून उठते का? वजन उतरतंय का? शौचातून रक्त, हिरवट उलटी, ताप, लघवीला जळजळ? सुट्टीच्या दिवशीही तितकंच दुखतं का? कुठे दुखतं ते बोटाने दाखवायला सांगा. नाभीपासून दुखणं जितकं लांब, तितकी शारीरिक कारणाची शक्यता जास्त, हा अ‍ॅपलींच्याच नावाने सांगितला जाणारा ढोबळ आडाखा आहे. बेंबीभोवती हात फिरवणं वेगळं आणि उजवीकडे खाली एकाच जागी बोट ठेवणं वेगळं. पाळी सुरू झाली असेल तर दुखण्याचे दिवस कॅलेंडरवर लिहून ताडून पाहा. यातलं काहीही आढळलं तर माझं पुढचं सगळं बाजूला ठेवून पुन्हा डॉक्टरांकडे जा.

आणि एक प्रश्न, जो घरोघरी विचारायचा राहून जातो: शाळेतल्या बाथरूमला ती जाते का? कितीतरी मुली सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाहीत, म्हणजे जावं लागणार नाही. त्यातून बद्धकोष्ठता होते, लघवीचा संसर्ग होतो, आणि दोन्हींनी पोट दुखतं. दाराला कडी नसली तर बाहेर मैत्रीण उभी करावी लागते. जिला नव्या शाळेत अजून मैत्रीणच नाही तिनं काय करायचं? हा प्रश्न शरीराचा आहे की मनाचा, मला सांगता येणार नाही. दोन्ही असावा.

आता घरी राहण्याबद्दल. सहा वाजता दुखायला लागतं, तुम्ही थोडा वेळ समजावता, मग म्हणता, 'बरं, आजचा दिवस राहा.' पुढच्या पंधरा मिनिटांत तिला हायसं वाटतं. इथेच खरी अडचण आहे, कारण हे हायसं वाटणं फार जोरकस असतं. शाळा टाळली की सुटका, एवढाच धडा मेंदू त्यातून घेतो आणि दुसऱ्या दिवशी आणखी लवकर घंटा वाजवतो. आधी सोमवारी दुखायचं, मग रविवारी संध्याकाळपासून, मग शनिवारी. हे ती ठरवून करत नाही. तुम्हीही प्रेमानेच करता. पण प्रत्येक बुडलेल्या दिवसाने शाळा आणखी अवघड होत जाते. विज्ञानाचा धडा पुढे गेलेला असतो, वही अपुरी असते, जुळू पाहणारी मैत्री दुसऱ्या बाकावर गेलेली असते, आणि वर 'काल का नाही आलीस गं?' या प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं. जिथे तिला आधीच परकं वाटतं तिथे ती रोज थोडी जास्त परकी होते.

फटक्यांचा उपाय याच्या उलट टोकाचा, पण चूक तीच. फटक्यांनी ती एखाद्या दिवशी जाईल. त्यातून ती शिकेल ते असं की या घरात दुखणं सांगायचं नसतं. किशोरवयात मुलं तशीही आईवडिलांपासून लपवायला शिकत असतात. त्याला आपण मदत कशाला करायची? २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मारायला आणि मानसिक छळ करायला बंदी आहे. घरच्या वडिलांना ते कलम लागू होत नाही, हे मान्य. पण शाळेत जे चालत नाही ते शाळेत पोचवण्यासाठी वापरावं, हे मला पटत नाही.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एली लेबोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. अतिचिंता असलेली १२४ मुलं त्यात होती. साधारण निम्म्या मुलांना स्वतःला थेरपी दिली. उरलेल्यांच्या फक्त आईवडिलांना बोलावलं; मुलांवर थेट उपचार केलेच नाहीत. सुधारणा दोन्ही गटांत जवळपास सारखी झाली. आईवडिलांना शिकवलेल्या गोष्टी मुख्यतः दोन. मुलाची भीती खरी आहे हे मान्य करायचं आणि ती त्याला पेलेल असा भरवसा दाखवायचा, हे एकाच दमात. आणि भीतीच्या सोयीने घर चालवणं हळूहळू, सांगून-सवरून कमी करायचं.

तुमच्या सकाळी ते साधारण असं ऐकू येईल: 'पोटात दुखतंय, मला कळतंय. घाबरलं की दुखतं. आणि पहिले दोन तास तू काढू शकशील, हेही मला माहितीय. चल, गरम पाण्याची पिशवी पाच मिनिटं धर, मग वेणी घालू.' बस्स. यापुढे समजूत नको, वाद नको, लालूच नको. सहा ते साडेसहा हा काळ चर्चेचा नाहीच. ज्या वेळी तिला विचार करता येत नाही त्या वेळी आपण तिच्याकडून कारणं मागतो, आणि 'का? पण का दुखतं?' याला तिच्याकडेही उत्तर नसतं. जमलं तर सावकाश श्वास शिकवून ठेवा, चार अंक मोजत आत, सहा मोजत बाहेर. फक्त तो संध्याकाळी शिकवा. सकाळी दुखत असताना नवीन काही शिकता येत नाही.

पोट तिला सांगतंय की शाळेत काहीतरी आहे. ते काय आहे, हे मात्र तुम्हाला अजून ठाऊक नाही, आणि याच बाबतीत तुमच्या पत्राशी माझा थोडा वाद आहे. सप्टेंबरमध्ये ती येऊन सांगून गेली होती. 'लक्ष देऊ नकोस' हे आपण सगळेच म्हणतो, मुलीचं मन हलकं व्हावं म्हणूनच म्हणतो. तिला ते 'हा विषय संपला' असं ऐकू गेलं असणार. बार्शीत 'काय करायलीस?' म्हणणारी मुलगी इथे तेच म्हणाली आणि वर्ग हसला, असं काहीसं झालं असेल, हा माझा निव्वळ अंदाज. तेराव्या वर्षी सगळ्यांनी हसणं ही किरकोळ गोष्ट नसते. या वयात मित्रमैत्रिणींच्या नजरेचं वजन आईवडिलांच्या नजरेपेक्षा जास्त होत जातं, आणि ज्या भागाने भावना आवरायच्या तो मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडतच असतो. तोंड उघडलं तर हसतील, या भीतीने मुलगी वर्गात आधी गप्प बसते आणि मग वर्गच नको म्हणते.

विषय पुन्हा काढायला समोरासमोर बसवू नका. 'बस इथे, बोलायचंय' म्हटलं की मुलांच्या तोंडाला कुलूप लागतं. स्कूटरवर मागे बसलेली असताना, मटार सोलताना, रांगोळी काढत असताना शेजारी बसून बोला. नजरेला नजर नसली की शब्द सुटतात. सुरुवात तुम्हीच करा: 'तू मागे म्हणाली होतीस, वर्गात हसतात म्हणून. मी तेव्हा नीट ऐकलं नव्हतं. काय झालं होतं?' मग गप्प राहा. उपाय सुचवायची घाई झाली तर जीभ चावा.

बोलणं जमत नसेल तर शाळेचं वेळापत्रक घ्या आणि प्रत्येक तासाला एक खूण करायला सांगा: चालतं, नकोसं वाटतं, अजिबात नको. परिपाठ, मधली सुट्टी, रिक्षातला प्रवासही त्यात घाला. 'शाळा नको' हे एवढं मोठं असतं की त्यावर काही करता येत नाही. 'मंगळवारी दुसऱ्या तासाला इंग्रजीचा उतारा मोठ्याने वाचावा लागतो' किंवा 'मधल्या सुट्टीत डबा कुणाबरोबर खायचा कळत नाही' यावर करता येतं. आतलं नेमकं काय ते शब्दांत मांडल्याने भीतीचा जोर थोडा ओसरतो, असं दाखवणारे मेंदूवरचे अभ्यास आहेत. मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांचा २००७चा त्यातला बराच गाजलेला. मुलीला भीती, लाज, चीड, एकटेपण यातलं नक्की काय वाटतं ते तिला आज सांगता येत नसेल. 'टेन्शन' या एका शब्दात सगळं कोंबायची सवय आपण मोठ्यांनीच लावली आहे.

यातच एक प्रश्न सरळ विचारायचा आहे, आडवळण न घेता. रिक्षात, बसमध्ये, क्लासला, शाळेत कुणाच्या वागण्याने, हात लावण्याने, मेसेजने तुला कसंतरी होतं का? कुणी धमकावतं का? पैसे मागतं का? उत्तर 'हो' असेल तर मी इथे लिहिलेलं शाळेत पाठवण्याचं सगळं तूर्त रद्द. तिला आधी सुरक्षित करायचं. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, लैंगिक छळाचा काहीही प्रकार असेल तर २०१२चा पॉक्सो कायदा आहे, शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असायला हवी. भीती खोट्या धोक्याची असेल तर भीतीकडे चालत जायचं. धोकाच खरा असेल तर मुलीला त्याच्या तोंडी द्यायचं नाही. म्हणून हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच विचारा.

आता तुमचा तो कमकुवतपणाचा प्रश्न. या मुलीचं गाव, शाळा, भाषेचा सूर, विज्ञान-गणिताचं माध्यम, जिवाभावाची मैत्रीण आणि वर्गातला मान, सगळं एका जूनमध्ये गेलं. त्यावर तिनं जून ते दिवाळी कुरकुर न करता शाळा केली. मला तर उलट वाटतं की ती फारच खंबीर राहिली, नको इतकी. पहिल्या सत्रात नवेपणाची ओढ असते, 'बघू, दिवाळीत घरी जाऊ' असा आधार असतो. दिवाळीत बार्शी भेटली आणि परत येताना लक्षात आलं असेल की आता घर म्हणजे ही बाजू. त्यानंतरच पोट बोलायला लागलं, हे मला नवल वाटण्यासारखं दिसत नाही. गाव सुटल्याचं दुःख तुमच्या घरात कुणी मोठ्याने बोललं आहे का? तुम्हालाही सुटलंच आहे की ते.

ताण कसा झेलावा याचा विचार करताना रिचर्ड लॅझरस आणि सुझन फोकमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८४मध्ये मांडलेली विभागणी मला अजूनही कामाची वाटते. एक झेलणं अडचणीवर काम करणारं, दुसरं अडचणीने मनात जे उठतं त्यावर काम करणारं. कुठे कोणतं वापरायचं हे ओळखणं ही खरी हुशारी. विज्ञानातले इंग्रजी शब्द अडत असतील तर ती बदलता येण्यासारखी अडचण आहे. मराठी-इंग्रजी शब्दांची वही करा, महिनाभर रोज दहा शब्द, बाईंना विचारून जुन्या धड्यांपासून सुरुवात. इथे रांगोळी काढून मन रमवण्याने काही होणार नाही. उलट बार्शी परत मिळणं तिच्या हातात नाही, तुमच्याही नाही. तिथे रडू देणं, रांगोळी, चित्रं, सुट्टीत जायची तारीख ठरवणं, हेच बरोबर. म्हणजे रांगोळी चांगली की वाईट, या प्रश्नाला अर्थ नाही. शाळेतून आल्यावर काढली तर तो तिचा विसावा आहे, शाळेऐवजी काढली तर ती पळवाट होते.

मैत्रिणीशी फोनबद्दलही असंच. तो तोडू नका. तिचं सध्याचं एकमेव भक्कम नातं ते आहे. मात्र तासभर फक्त 'इथे किती वाईट आहे' हेच उगाळणं चालत असेल तर त्याने दोघींची मैत्री घट्ट होते आणि मुलीची चिंताही वाढते. किशोरवयीन मुलींच्या बाबतीत हे संशोधनातही पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. फोन संध्याकाळी, अर्धा तास, आणि कधीतरी दोघींनी मिळून काही करण्यासाठी, म्हणजे एकच डिझाइन दोघींनी काढून पाठवण्यासाठी. शाळा बुडवलेल्या सकाळी फोन नाही, टीव्ही नाही. खरंच ताप-उलटी असेल तर आजारी माणसासारखं झोपायचं, पेज खायची, जमेल तेवढं वाचायचं. ही शिक्षा नव्हे, हे तिला आधीच सांगून ठेवा. घरचा दिवस शाळेपेक्षा गोड नसावा, एवढंच.

झोपेकडेही बघा. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, आणि याच वयात शरीराचं घड्याळ मागे सरकतं, लवकर झोप येतच नाही. आपल्याकडे २०२४मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवायला सांगितले. छान झालं, पण ज्यांचं घड्याळ खरोखर मागे सरकलेलं असतं ती आठवी-नववीची मुलं अजून सातच्या घंटेला डोळे चोळत उभी आहेत. तुमच्या हातात एवढंच की रात्री साडेनऊला मोबाइल सगळ्यांचेच, बाबांचाही, स्वयंपाकघरात ठेवायचे.

शाळेत परत बसवणं टप्प्याटप्प्याने करा, आणि ते शाळेशी बोलूनच. तीन दिवस घरी राहणाऱ्या मुलीला 'सोमवारपासून रोज पूर्ण वेळ' म्हटलं तर बुधवारी गाडी अडेल. पहिल्या आठवड्यात रोज जायचं, पण मधल्या सुट्टीपर्यंत. पुढच्या आठवड्यात त्यापुढचे दोन तास. एक नियम मात्र कडक ठेवा: ती घरी येईल ती ठरलेल्या वेळी, दुखलं म्हणून नव्हे. मध्येच दुखलं तर स्टाफरूमबाहेर किंवा ग्रंथालयात दहा मिनिटं बसायचं, पाणी प्यायचं आणि वर्गात परत. शाळेतून 'घेऊन जा' असा फोन आला आणि तुम्ही धावत गेलात, तर सगळी मेहनत त्या एका दिवसात उलटी फिरते. दुखणं एकदम जाईल अशी अपेक्षा ठेवू नका. आधी हजेरी सुधारते, पोट नंतर शांत होतं. तुम्ही आजवर पोट शांत व्हायची वाट बघत होतात, म्हणून हजेरी थांबली होती.

सकाळी तिला सोडायला शक्यतो बाबांनी जावं. तुमच्याबरोबर ती गेटपाशी जास्त रडेल, कारण तुमच्यापाशी रडता येतं. बाबांना शाळेची काळजी आहेच, तर त्यांना हे काम द्या: गप्पा मारत सोडायचं, गेटवर 'दुपारी भेटू' म्हणायचं आणि निघायचं. व्याख्यान नाही. त्यांची शिफ्ट जुळत नसेल तर इमारतीतली एखादी मुलगी बघा, दोघींनी मिळून जायला.

सासूबाई दृष्ट काढतात ते काढू द्या. आजीचा हात अंगावरून फिरला तर कुणाचं काही बिघडत नाही. फक्त 'शाळेतल्यांची नजर लागली' हे मुलीसमोर नको. शाळेत आधीच एक भीती आहे, तिच्यावर दुसरी कशाला ठेवायची?

हे सगळं मनापासून करून तीन-चार आठवड्यांत हजेरी जराही सुधारली नाही, तर बालरोगतज्ज्ञांकडून मुलांच्या समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी मागा. पुण्यात ससूनसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, जिल्हा रुग्णालयांतही ही सोय असते. ठाण्यात १९९० पासून मानसिक आरोग्यासाठी काम करणारी आयपीएच ही संस्था आहे. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठी फोनवरून मदत देणाऱ्या सेवेचा, सरकारी क्रमांक २०२२च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. त्यावर तुम्ही स्वतःसाठीही फोन करू शकता, मुलीला पुढे करायची गरज नाही. चिंतेवर विचार-वर्तन बदलाची थेरपी मुलांना चांगली लागू पडते. गोळ्या लागतीलच असं नाही, लागल्या तर डॉक्टर सांगतील तशा घ्यायच्या.

मात्र 'मी नसते तर बरं झालं असतं' असं ती म्हणाली, हातावर कापल्याच्या खुणा दिसल्या, जेवण तुटलं, आवडीची रांगोळीही बंद झाली, तर आठवडे मोजू नका, त्याच दिवशी मदत घ्या. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. आत असतील तर बाहेर यायला वाट मिळते.

वर्गशिक्षिकांना याच आठवड्यात भेटा, पण मुलीला आधी सांगून. तिथे काय बोलायचं आणि काय नाही, हे तिच्याबरोबर ठरवा. हसणाऱ्या मुलांची नावं घेऊन वर्गात जाहीर झापलं गेलं तर दुसऱ्या दिवशी हसू दुप्पट होईल, याची तिला भीती असणार आणि ती भीती रास्त आहे. बाईंकडे तीनच गोष्टी मागा. तिची जागा एखाद्या मनमिळाऊ मुलीशेजारी असावी. सुरुवातीचे काही आठवडे तिला अचानक उभं करून मोठ्याने वाचायला लावू नये. आणि शाळेत रांगोळीचं, फलक-सजावटीचं काही काम असेल तर ते तिच्याकडे द्यावं. बार्शीत ती मॉनिटर होती, हेही सांगा. इथे ते अजून कुणालाच ठाऊक नसेल.